ओ कुणाला?

"हाक मी मारली, अन् ओ तिला काहून दिली?" पदमा कुरकुरली.

दुष्काळी कामावर खडी फोडणारी ती अन् भिवा दुपारच्या सुट्टीत पुसेगावच्या वाटेवरच्या ओस डाकबंगल्यात येऊन बसत. तिथं कोण राहतं, हे गावात कुणी तोंडातून काढत नसे.

पदमानं "भिवा!" म्हटलं, की आतल्या खोलीतून लाडिक आवाज यायचा, "अवो!"

"आवाज घुमून राहिला, येडे," भिवा हसायचा. पण हसता हसता त्याच्या तोंडून "आलो" निघून जायचं.

नवऱ्याला मारायची ती हाक! भिवाला तर अजून मिसरूडही फुटलं नव्हतं. पदमाचा तिळपापड झाला. लाज गिळून आज तीच ओरडली, "अवो!"

मग अगदी तिच्या कानाशी कुणीतरी हसलं.

"आलीस व्हय, सवते?"