भिंतीलगतच्या खोल्या

यादीतला सगळ्यात मोठा आकडा नेमका तिच्या भाचीचा निघाला होता.

भावाच्या खोलीत जमिनीवर यादी पसरून ती बसली होती. डॉक्टरकीचं शेवटचं वर्ष. जुन्या बॅटऱ्या वितळवणाऱ्या कारखान्याच्या भिंतीला लागून या कामगारांच्या खोल्या. इथल्या मुलांच्या रक्तात किती शिसं उतरलंय, ते तिनं महिनाभर दारोदार फिरून तपासलं होतं.

"आमचं नाव काढून टाका, ताई." वहिनी सकाळीच पुसलेली खिडकी पुन्हा पुसत होती.

"वहिनी, हाच आकडा तर दाखवायचाय!"

"काल कारखान्याचा साहेब सांगून गेला. ज्या पोरांच्या रक्तात शिसं निघेल, त्यांनी खोली सोडायची. पोरांच्याच भल्यासाठी, म्हणे. आणि खोली गेली की कामही गेलं."

"नावं मी कुणालाच दाखवणार नाही."

"आणि खोलीचा नंबर?"

तिचं बोट नंबरांच्या रकान्यावर थांबलं. भट्टीपासून किती अंतरावर किती शिसं, हाच तर तिचा अभ्यास होता. नंबर खोडला, तर हातात उरणार काय?

कोपऱ्यात भाची बटणं मोजत होती. सातपर्यंत यायची, अडखळायची आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची. वय वर्षं सहा.

'माझ्याकडे चला' हे शब्द आत्याच्या ओठांवर आले आणि तिथंच विरले. होस्टेलात तिच्या वाट्याला एक खाट होती.

"कधीही माघार घेता येईल, असं तपासणीआधीच्या सहीच्या कागदावर आहे ना?" वहिनीचा आवाज खाली आला. "तुम्हीच वाचून दाखवलंत."

भाऊ उंबऱ्यात बसून बूट काढत होता. मान वर न करताच म्हणाला, "बहिणीनं नाव काढलं म्हणून सगळ्यांना सांगत फिरलो मी. आता तेवढं यादीतून काढ."

तिनं पट्टी घेतली. भाचीच्या नावावरून एक सरळ रेघ ओढली. नाव अजून वाचता येत होतं म्हणून दुसरी ओढली.

दारात पावलं वाजली. शेजारच्या तिघीजणी उभ्या होत्या, प्रत्येकीच्या हातात सहीचा कागद. पुढची ओशाळून हसली.

"ताई, आमचीपण नावं काढायची होती."

तिनं यादी थोडी स्वतःकडे ओढून त्यांना बसायला जागा केली. तिघी आत आल्या, बसल्या. पट्टी पुन्हा कागदावर टेकली, तशी पुढच्या बाईनं हळूच तिचं मनगट धरलं.

"खोडायच्या आधी एकदा सांगा ना... माझ्या पोराचं किती आलं होतं?"