माथ्यावरची गारगोटी

नोटबुर्गाने सतराव्या ढिगाला लाथ घातली. दगड गडगडत कड्यावरून गेले. खाली तळ्यात पडल्याचा आवाज यायला बराच वेळ लागला.

"काकू, अहो थांबा!" कोर्बिनियान धापा टाकत खिंडीत पोचला. गावच्या पर्यटन कचेरीत तो कामाला होता. "पाहुण्यांनी हौसेनं रचलेत ते. तक्रार आलीय, कुणी म्हातारी दगड फोडतेय म्हणून."

"फोडत नाहीये, पाडतेय. म्हातारी तेवढं बरोबर लिही."

धुक्यात ही खिंड ढिगाढिगाने उतरायची. एकापाशी थांबायचं, पुढच्याच्या माथ्यावरची पांढरी गारगोटी दिसली की तिथवर जायचं. गावाने रचलेले ढीग सातच. पाहुण्यांना गारगोटी आवडली. त्यांनीही आपापल्या ढिगावर एकेक ठेवली, थेट कड्याच्या टोकापर्यंत, कारण तिथून फोटोत तळं येतं.

"तुझ्या पुस्तिकेवर कुठला ढीग छापलायस रे?"

कोर्बिनियानने पुस्तिकांची पिशवी पाठीमागे सरकवली. पुस्तिकेवर कड्याच्या टोकाला, ढिगाशेजारी, एक मुलगी हात पसरून हसत उभी होती.

"तुझे काका मेंढ्या घेऊन उतरतायत," ती म्हणाली. "जूनमध्ये वर गेले तेव्हा इथे सातच होते."

त्याने वर पाहिलं. वरचं कुरण दिसत नव्हतं. धुकं खिंडीच्या तोंडाशी आलं होतं.

"मग... हाका मारू ना."

"इथे हाक चारी बाजूंनी ऐकू येते. कचेरीत बसून तेही विसरलास? ते गारगोटी बघूनच येणार."

त्याने पिशवी टाकली आणि समोरचा ढीग ढकलला. दोघं पाडत सुटले. टोकाकडचे नऊ उरले असताना धुक्याने दोघांना गाठलं.

"तू टोकाला जा," ती म्हणाली. "कड्याकडे पाठ कर. कुणी आलं तर अडव."

"मी?"

"मग काय, पाहुण्यांना बोलावू?"

तो गेला. चार पावलांत दिसेनासा झाला. ती चाचपडत गावाच्या शेवटच्या ढिगापाशी आली आणि त्यावर हात ठेवून उभी राहिली.

घंटा वाजू लागल्या. आधी सगळीकडून, मग एकाच बाजूने. तिच्या बाजूने नव्हे.

"काकू!" कोर्बिनियानचा आवाज फाटला होता. "मेंढ्या इकडेच येतायत!"

"मग हात पसर," ती ओरडली. "त्या पोरीसारखे!"