तारेवरचे शर्ट

गॅलरीतल्या तारेवर एकवीस पांढरे शर्ट होते. लेकीने दोनदा मोजले. सीमेवरच्या चकमकीत मेलेल्या प्रत्येकासाठी आईने एकाच मापाचा शर्ट शिवला होता: बारा आपले, नऊ पलीकडचे. खाली पाटी होती, ‘आता बाविसावा नको.’ समोरचे निवृत्त सुभेदार तणतणत वर आले. त्यांचा मुलगा त्या बाराजणांतला. “वहिनी, आमच्या पोरांशेजारी शत्रू टांगलेत? ते नऊ आत्ताच्या आत्ता उतरवा!” आईने शिलाई मशीन थांबवले. “तुम्हीच उतरवा, भावजी. फक्त जपून, चुकून तुमच्या बाळूचाच निघायचा.” सुभेदारांनी एकेक कॉलर उलटून पाहिली, बाह्या चाचपल्या. शेवटच्या शर्टापाशी हात थांबला. “यातला त्याचा कुठला?” “मलाही ठाऊक नाही. म्हणून तर सगळेच जपते.” निसटलेला एक चिमटा नीट लावून ते गेले. लेकीने ताठ मानेने पुन्हा मोजले. एकवीस.