रेंज
"गेमिंगचा फंड घेऊ की टेलिकॉमचा शेअर?" समोरचं गिऱ्हाईक विचारत होतं, तेवढ्यात सल्लागाराचा मोबाइल वाजला. वडिलांचा फोन. जन्मभर टेलिफोनच्या खांबांवर चढून जमवलेले कंपनीचे शेअर त्या लाइनमनने डोळे झाकून मुलाच्या हवाली केले होते. मुलाने ते परस्पर विकून पैसे गेमिंग फंडात घातले आणि फंड पार गाळात गेला. "अरे, आपला शेअर दुप्पट झालाय! आजच विकून टाक. आईच्या ऑपरेशनची तारीख घेऊनच आलोय मी." "बाबा, आवाज तुटतोय... इथे रेंजच नाहीये," सल्लागार कसाबसा म्हणाला. "फोन ठेवू नकोस!" वडील ओरडले. "वर चढलं की लाइन लागते." दुखऱ्या गुडघ्यांनी ते गच्चीचा जिना चढू लागले. एकेका पायरीला वाढत जाणारी त्यांची धाप त्याला अगदी स्वच्छ ऐकू येत होती.