पायरीवरच्या चपला

धरणाच्या पाण्याकाठचा नमुना बंगला दाखवायला एजंट जगदीश आम्हाला शेलूहून घेऊन आला होता. दुपार असूनही आभाळ काळवंडलेलं होतं आणि पाण्यावर एक तरंग नव्हता.

दाराशी पोचताच सवयीने मी, किरणने आणि आमच्या आरोहीने चपला पायरीवर काढल्या.

"ताई, चपला काढू नका," अंगण झाडणाऱ्या अंबाबाई म्हणाल्या. "तशाच आत जावा. ह्ये अजून तुमचं घर नाय."

"नव्याकोऱ्या लादीवर चपला घालून फिरायचं? बरं दिसतं का ते?" मी हसून म्हटलं.

त्या हसल्या नाहीत. जगदीश मात्र बुटांसकट आत शिरला.

बंगला सुरेख होता. मनातल्या मनात मी पडदेसुद्धा लावून टाकले. मग आम्ही बाहेर आलो, चपला घातल्या आणि पाणी बघायला वळसा घालून समोरच्या बांधावर गेलो. तिथून पाण्यात अख्खा बंगला उलटा दिसत होता.

मी मान वर करून खऱ्या बंगल्याकडे पाहिलं. पायरी रिकामी होती.

पाण्यातल्या पायरीवर तीन जोड होते. आरोहीच्या लाल सँडलचा सुटलेला पट्टासुद्धा दिसत होता.

मी तिच्या पायांकडे पाहिलं. लाल सँडल पायांतच होते.

"जगदीश, हे काय आहे?"

तो पाण्याकडे बघतच नव्हता. "मॅडम, गाडीत बसा ना," एवढंच म्हणाला.

पाण्यातलं दार आतून कोणीतरी ओढून घेतलं. खिडकीत दिवा लागला.

आरोहीने माझा हात घट्ट धरला.

"आई, आपण अजून आत काय करतोय गं?"