वाऱ्याच्या बाजूला

ऑक्टोबर सरता सरता हाकोनेच्या माळावर रिंदोची शेवटची निळी फुलं उरतात. ऊन असेतो उघडी राहतात, ऊन गेलं की मिटतात. अकरा वर्षं सुप्रभा योकोहामाहून त्यांचे फोटो काढायला यायची, आणि फूल हलू नये म्हणून नरेंद्रराव जॅकेट पसरून वाऱ्याच्या बाजूला उकिडवे बसायचे. बसायचे अगदी मन लावून, पण त्यांची सावली नेमकी फुलावर पडायची. मग कॅमेऱ्याला लावलेला डोळा न काढता ती खेकसायची, "अहो, सावली!"

नरेंद्ररावांना जाऊन आता आठ महिने झाले होते. "आई, एकटी नको जाऊस," असं मुलाने बजावलं होतं, तरी ती आली. पण वारा कसला ऐकतोय! कमरेएवढं गवत आडवं होत होतं, फूल क्षणभरही स्थिर राहीना, एकूण एक फोटो हललेला. शेवटचा एक म्हणून तिने पुन्हा कॅमेऱ्याला डोळा लावला.

आणि फूल थांबलं. मागचं गवत तसंच झोडपलं जात होतं, हे एकटं मात्र चित्रातल्यासारखं उभं. ती बटण दाबणार, तोच पाकळ्यांवर सावली आली.

"अहो, सावली! सरका की जरा," ती सवयीने खेकसली.

सावली सरकली.



ऊन उतरलं, फूल मिटलं, माळ अंधारला, तरी सुप्रभाने कॅमेऱ्याला लावलेला डोळा काढला नाही.