बिननक्षीची फुलदाणी

अमेरिकेत, रेडमंड शहरातल्या नीलांबरीच्या घरात नवी जर्मन फुलदाणी आली होती: पांढरी, चकचकीत, बिननक्षीची.

"एवढी महागाची, आणि एक पानसुद्धा काढलं नाही तिच्यावर!" आई हसली.

"आई, ऑफिसची माणसं जाईपर्यंत वरच थांबशील?" नीलांबरीने विचारलं.

"थांबते गं. मला कुठे तुमचं इंग्लिश जमतंय?"

पाहुणे फुलदाणीचं कौतुक करू लागले, तसं नीलांबरीनेही तिच्याकडे पाहिलं. चकाकीत सोफ्यावरचे पाहुणे दिसत होते. त्यांच्या मधोमध आई बसली होती.

नीलांबरीने वळून सोफ्याकडे पाहिलं. मधली जागा रिकामी होती. वरून आईचा खोकला ऐकू आला.

फुलदाणीतली आई तिच्याकडेच बघत होती. तिने शेजारची जागा थोपटली, ‘बस’ म्हणाली.

नीलांबरीला नजर वर करवेना.

सोफ्यावरची पाहुणी, बोलणं न थांबवता, रिकाम्या जागेशेजारी नीलांबरीला जागा देत सरकली.